गांधी, मोदी आणि अत्तार

आपल्या देशात एखाद्या माणसाला बदनाम करायचे असेल तर त्याने लाच खाल्ली असे म्हणावे लागते, जमीन लाटली असे म्हणावे लागते, किंवा देशाची गुपिते परक्यांना विकली असे म्हणावे लागते. या प्रत्येक आरोपासाठी थोडाफार पुरावा गोळा करण्याची मेहनत घ्यावी लागते. एक आरोप मात्र असा आहे की त्याला कसलाही कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाही. 'हा मूळचा मुसलमान आहे' एवढे वाक्य हवेत सोडले की काम होते. त्यापुढे 'मग काय झाले?' असा प्रश्न कोणी विचारत नाही. हा प्रश्न कोणी विचारत नाही, हेच आमच्या या लेखाचे कारण आहे.

'गांधी' या आडनावाभोवती गेली कित्येक वर्षे हाच खेळ चालू आहे. कहाणी बहुतेक वाचकांच्या कानावर आलेली असेल. इंदिरा गांधींचे पती फिरोज हे मुळात फिरोज खान होते, त्यांचे वडील जुनागढकडचे कोणी नवाब खान होते, महात्मा गांधींनी त्यांना दत्तक घेऊन आपले आडनाव दिले आणि एक मुसलमान घराणे हिंदू नाव लावून देशावर राज्य करून गेले! पूर्वी ही कहाणी कुजबुजीत फिरत असे, मग पत्रकांत छापली जाऊ लागली, आणि आता ती मोबाईलमधून शिकल्यासवरल्या माणसांच्या घरात रोज सकाळी जाऊन पोचते. तिचा दुसरा भाग नेहरूंविषयी आहे. नेहरूंचे आजोबा म्हणे गंगाधर नव्हतेच, ते कोणी गियासुद्दीन गाझी होते! 2015 च्या जूनमध्ये विकिपीडियावरील नेहरू घराण्याच्या माहितीत हाच मजकूर घुसडला गेला, आणि तो बदल सरकारी संगणकजोडणीवरून झाल्याचे उघडकीस आले. म्हणजे ही केवळ पानाच्या टपरीवरची गप्प राहिलेली नाही.

आधी खरे काय ते सांगून टाकू, कारण खोट्याला खोटे म्हणणे हे शिक्षकाचे पहिले काम आहे.

फिरोज गांधी यांचा जन्म 12 सप्टेंबर 1912 रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे मरीन इंजिनियर, आईचे नाव रतीमाई. घराणे मूळचे गुजरातमधील भडोचचे. वडिलांच्या निधनानंतर कुटुंब अलाहाबादला आले, तेथे त्यांची डॉक्टर मावशी शिरीन कमिसारियट लेडी डफरीन इस्पितळात नोकरीला होती. 'गांधी' हे आडनाव या घराण्यात पिढीजात होते. इंग्रजीत ते निराळ्या अक्षरांनी लिहिले जाई, पुढे महात्माजींच्या प्रभावाने ते स्पेलिंग बदलले, एवढाच काय तो फरक. दत्तकाची गोष्ट निव्वळ बनावट आहे. 'फिरोज' हे नाव ऐकून ज्यांना मुसलमान आठवतो, त्यांनी मुंबईच्या फिरोजशहा मेहतांचे स्मरण करावे. हे नाव इराणातले आहे, इस्लामच्या आधीच्या इराणी बादशहांचेही ते नाव होते. ते पारशांनी जपले आणि आम्हीही उचलले.

नेहरूंच्या बाबतीत तर पंडितजींनी आत्मचरित्रातच सारे लिहून ठेवले आहे. काश्मिरी पंडित राज कौल हे 1716 च्या सुमारास बादशहा फर्रुखसियरच्या काळात दिल्लीत आले, कालव्याकाठी त्यांना घर मिळाले आणि 'नहर' या शब्दावरून घराण्याला 'नेहरू' हे नाव पडले. गंगाधर नेहरू हे 1857 च्या उठावाआधी दिल्लीचे कोतवाल होते आणि 1861 मध्ये वारले. मोतीलालजी त्याच वर्षी, वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मले. आता यातली गंमत पाहा. 'नहर' हा शब्द अरबी आहे. ज्यांना नेहरूंना मुसलमान ठरवायचे आहे त्यांनी गियासुद्दीन नावाचा माणूस उगाच जन्माला घातला. आडनाव तेवढे आमच्या बाजूने आधीच होते!

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. 1942 साली इंदिरा आणि फिरोज यांचा विवाह ठरला तेव्हा गांधीजींकडे संतापाची आणि शिवीगाळीची पत्रे येऊन पडली. त्यावर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिले की, पत्र लिहिणाऱ्यांपैकी एकालाही फिरोज माणूस म्हणून वाईट वाटत नाही, तो पारशी आहे हाच त्यांच्या लेखी त्याचा गुन्हा आहे. म्हणजे 1942 मध्ये त्या माणसाचा पारशी असणे हाच गुन्हा होता. आज पारशी असणे कोणाला खुपत नाही, म्हणून त्याला मरणोत्तर मुसलमान करावे लागले. द्वेष तोच आहे, फक्त त्याचा पत्ता बदलला.

आणि हा फिरोज गांधी होता तरी कोण? स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला, 1952 आणि 1957 साली रायबरेलीतून लोकसभेवर निवडून आलेला खासदार. 1955 साली त्याने लोकसभेत खाजगी विमा कंपन्यांमधील लुबाडणुकीचे वाभाडे काढले, आणि 1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. 1957 च्या अखेरीस त्याने आयुर्विमा महामंडळाच्या पैशाने हरिदास मुंदडाच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याचे प्रकरण बाहेर काढले. पंतप्रधान सासरे आहेत याची पर्वा केली नाही. त्याची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांनी उघडपणे, लोकांसमोर केली, आणि 1958 च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. म्हणजे स्वतंत्र भारतातला पहिला मोठा आर्थिक घोटाळा एका पारशाने बाहेर काढला आणि एका खोजा मुसलमानाने तपासला. संसदेतील कामकाजाचे वृत्त छापणाऱ्या वर्तमानपत्रांना संरक्षण देणारा 1956 चा कायदाही याच खासदाराच्या खटपटीने झाला, आणि आणीबाणीत तो रद्द केला गेला तो त्याच्याच पत्नीच्या सरकारकडून. असा माणूस 8 सप्टेंबर 1960 रोजी अठ्ठेचाळिशी पुरी होण्याआधी गेला. आज त्याच्याविषयी सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न कोणता? तर त्याचा बाप कोण!

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की आम्ही या घराण्याची वकिली करायला बसलो आहोत. तसे नाही. या घराण्याकडून आमच्या समाजाला काय मिळाले याचा हिशेब आमच्यापाशी आहे. 1976 साली दिल्लीत तुर्कमान गेटला बुलडोझर आणि बंदुका कोणाच्या राज्यात चालल्या हे आम्ही विसरलेलो नाही. 1986 साली एकीकडे शाहबानोच्या निकालावर कायदा आणून आमच्या मौलवींना खूश करायचे आणि त्याच काळात अयोध्येतले कुलूप उघडू द्यायचे, हे कोणाच्या राज्यात झाले तेही माहीत आहे. आमची तक्रार वेगळीच आहे. ती आरोप करणाऱ्यांविषयी आहे, पण त्याहून अधिक ती आरोप खोडून काढणाऱ्यांविषयी आहे.

आरोप करणाऱ्याचे म्हणणे असते, 'फिरोज मुसलमान होता.' त्यावर आमचे पुरोगामी मित्र घाईघाईने धावून येतात आणि सांगतात, 'छे छे, पारशी होता! हा पाहा जन्माचा दाखला, हे पाहा अलाहाबादच्या पारशी कब्रस्तानातले त्याच्या अस्थींचे स्मारक.' हे सारे खरे आहे, आम्हीही वर तेच लिहिले. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे काय होते? आरोप खोटा ठरतो, पण आरोपाची जात कायम राहते. मुसलमान असणे ही बदनामी आहे, हे दोघांनीही मान्य केलेले असते. भांडण फक्त एवढेच उरते की ही बदनामी या विशिष्ट माणसाला लागू होते की नाही. शेजाऱ्याच्या मुलाला कोणी 'चोर' म्हटले तर आपण म्हणतो, तो चोर नाही. कारण चोरी वाईट आहे. कोणी 'मुसलमान' म्हटले तरी आपण त्याच स्वरात म्हणतो, तो मुसलमान नाही. मग आमच्या शाळेतल्या मुलांनी यातून काय शिकायचे?

2017 च्या नोव्हेंबरात गुजरातच्या निवडणुकीच्या धामधुमीत सोमनाथ मंदिराच्या नोंदवहीत राहुल गांधींचे नाव बिगर-हिंदूंच्या यादीत लिहिले गेल्याचा गाजावाजा झाला. काँग्रेसचे उत्तर काय होते? पक्षाच्या प्रवक्त्याने जाहीर केले की राहुलजी हिंदू तर आहेतच, वर जानवेधारी हिंदू आहेत. पुढच्याच वर्षी पुष्करला त्यांचे गोत्रही देशाला कळले. ज्या पक्षाला आमच्या मोहल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मते गेली, त्या पक्षाला सबंध देशासमोर एवढे एक वाक्य म्हणता आले नाही की, 'ते हिंदू आहेत. पण नसते तरी काय बिघडले असते?' हे वाक्य उच्चारायला काही खर्च येत नाही. राज्यघटनेच्या पहिल्या पानाला ते धरूनच आहे. तरीही ते कोणाच्या तोंडून बाहेर पडले नाही.

हे वाक्य दुसऱ्या एका देशात उच्चारले गेलेले आहे, म्हणून त्याचा दाखला देतो. 2008 साली अमेरिकेत बराक ओबामा अध्यक्षपदासाठी उभे होते. त्यांच्याही विरोधात हीच आवई होती की ते छुपे मुसलमान आहेत. त्यांच्या विरोधी पक्षातले, माजी परराष्ट्रमंत्री आणि लष्कराचे निवृत्त जनरल कॉलिन पॉवेल यांनी ऑक्टोबर महिन्यात दूरदर्शनच्या मुलाखतीत सांगितले की, ओबामा ख्रिस्ती आहेत हे बरोबर उत्तर झाले. पण खरे बरोबर उत्तर असे की, मुसलमान असले तर काय झाले, या देशात मुसलमान असण्यात काही गैर आहे काय? त्यांनी इराकमध्ये मारल्या गेलेल्या एका मुसलमान अमेरिकन सैनिकाच्या कबरीच्या छायाचित्राचा उल्लेख केला. हेच पॉवेल इराक युद्धाच्या वेळी परराष्ट्रमंत्री होते, त्यामुळे त्यांना कोणी आमचा पीर समजू नये. पण बोलले ते बरोबर बोलले. आमच्या देशात इतके मोठे नेते झाले, विचारवंत झाले. पण या बाबतीत हे साधे उत्तर राष्ट्रीय व्यासपीठावरून आम्हाला ऐकायला मिळालेले नाही.

आता आडनावाकडेच वळू. ज्या दोन आडनावांवरून देशात एवढी रणधुमाळी माजली त्यांचा अर्थ काय आहे, हे कोणी पाहिले आहे काय?

'गांधी' म्हणजे गंधाचा, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारा. गुजरातीत तो किराणा आणि औषधी वस्तू विकणारा वाणीही होतो. आमच्या उर्दूतही 'गंधी' हा शब्द आहे आणि कोणताही उर्दू कोश उघडला तर त्याचा अर्थ दिलेला सापडेल: इत्रफरोश, अत्तार. 'मोदी' म्हणजे धान्य आणि शिधा पुरवणारा. मराठीत 'मोदीखाना' हा शब्द पेशवाईपासून रूढ आहे. पुण्याच्या नारायण पेठेतला प्रसिद्ध मोदी गणपती ज्या खुश्रूशेट मोदींच्या नावाने ओळखला जातो ते पारशी होते. चित्रपटातले सोहराब मोदीही पारशीच. म्हणजे गांधी, मोदी आणि अत्तार ही एकाच बाजारपेठेतली, शेजारशेजारच्या तीन दुकानांवरची नावे आहेत. धंद्यावरून पडलेली, धर्माशी संबंध नसलेली.

आपल्या महाराष्ट्रात तर आडनावांची सरमिसळ पाहून थक्क व्हायला होते. फडणवीस, चिटणीस, पारसनीस यांतला 'नवीस' किंवा 'नीस' म्हणजे फारसीत लिहिणारा. मुजुमदार, शिलेदार, हवालदार ही नावे कोणत्या दरबारातून आली हे सांगायला नको. आणि दुसऱ्या बाजूला आमच्यात देशमुख आहेत, देसाई आहेत, पाटील आहेत, कोकणात खोत आहेत, मुकादम आहेत. 1980 साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले बॅरिस्टर अंतुले आणि आयुष्यभर समाजसुधारणेसाठी झगडलेले हमीद दलवाई यांची नुसती आडनावे कागदावर लिहून दिली तर परगावच्या माणसाला धर्म ओळखता येणार नाही. म्हणजे ब्राह्मणाच्या घरात फारसी आडनाव आणि मुसलमानाच्या घरात मराठी आडनाव, असा हा आपला प्रांत आहे. अशा प्रांतात आडनावावरून माणसाचा धर्म आणि धर्मावरून त्याची लायकी ठरवायला निघणे, हा अडाणीपणा आहे.

पण हा अडाणीपणा ताकदवान आहे, हेही ओळखले पाहिजे. 2019 च्या एप्रिलमध्ये राहुल गांधींनी कर्नाटकात कोलारच्या सभेत मोदी आडनावावरून एक शेरा मारला. त्या शेऱ्याने सगळ्या मोदींची बदनामी झाली म्हणून सुरतेत फिर्याद झाली आणि 23 मार्च 2023 रोजी त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्याच दिवशी खासदारकी गेली. पुढे 4 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेच्या निकालाला स्थगिती दिली तेव्हा ती परत मिळाली. एका आडनावाच्या लोकांना सरसकट चोर म्हणणे आम्हालाही पटत नाही. कोणाच्याही आडनावाची अशी थट्टा होऊ नये. पण मग आम्ही विचारतो, 'खान', 'शेख', 'पठाण' या आडनावांना जाहीर सभांतून, भिंतींवरून, मोबाईलवरून जे काही रोज म्हटले जाते, ते कोणत्या कलमात बसते? त्या बदनामीची दोन वर्षे कोण मोजणार? मोदी आडनावाला अब्रू आहे, तशी अत्तार आडनावालाही आहे की नाही?

हे आम्ही दुखऱ्या मनाने बोलतो असे कोणाला वाटेल, म्हणून एका अभ्यासाचा आधार देतो. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी नोकरीच्या जाहिरातींना खोटे अर्ज पाठवून एक पाहणी केली, तिचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी दैनिकांतील 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले गेले. शिक्षण आणि अनुभव सारखेच, फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटावे असे, एक दलित, एक मुसलमान. परिणाम असा की मुलाखतीला बोलावणे येण्याच्या संधीचे गुणोत्तर उच्चवर्णीय नावाला एक धरले तर दलित नावाला ते 0.67 आणि मुसलमान नावाला 0.33 निघाले. अर्जदारच नव्हते, नुसती नावे होती. तरी त्यांच्या वाट्याला हे आले. ज्यांना 'आडनावात काय आहे' असे वाटते त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

येथवर आम्ही दुसऱ्यांना बोललो. आता थोडे घरातल्यांना बोलू, आणि तेही तितक्याच सडेतोडपणे.

मुसलमान असणे ही बदनामी नाही, असे आम्ही जगाला ठणकावतो. पण तांबोळी असणे, पिंजारी असणे, बागवान असणे, अत्तार असणे ही आम्हालाच बदनामी वाटते, त्याचे काय? उर्दू शाळेत दरवर्षी जून महिन्यात पहिलीचे दाखल होतात तेव्हा हा तमाशा पाहायला मिळतो. आजोबांचा दाखला काढला तर त्यावर 'मुसलमान - अत्तार' किंवा 'पिंजारी' अशी नोंद सापडते. बापाच्या दाखल्यावर नुसते 'मुस्लिम'. आणि नातवाच्या अर्जावर 'शेख'. थोडा पैसा आला, पक्के घर झाले की 'सय्यद' व्हायलाही काही लोक कमी करत नाहीत. ज्यांचे पूर्वज खरोखरीचे शेख-सय्यद आहेत त्यांच्याविषयी आम्ही बोलत नाही. आम्ही बोलतो ते त्या मंडळींविषयी, ज्यांना कष्टाच्या धंद्याच्या नावाची लाज वाटते आणि अरबस्तानातून आल्याचा भास हवासा वाटतो. गांधी घराण्याच्या निंदकांना जसा खरा बाप पुरेसा वाटत नाही आणि ते खोटा शोधून आणतात, तसेच आम्ही आमच्याच आजोबांच्या बाबतीत करतो.

यात नुसती खोटी प्रतिष्ठा असती तर आम्ही हसून सोडून दिले असते. पण याची किंमत मुलांना मोजावी लागते. महाराष्ट्रात मुसलमानांतील बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी, अत्तार अशा अनेक व्यावसायिक जमाती इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. हे आपोआप झाले नाही. मंडल आयोगाने 1980 सालच्या अहवालात मुसलमानांतील मागास जमातींची दखल घेतली, 1992 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मंडल निकाल दिला, आणि त्यानंतर जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. दिलीपकुमार त्यांच्या व्यासपीठावर आले, गावोगावी फिरले. 1994 च्या डिसेंबरात राज्य सरकारने मुस्लिम ओबीसींना दाखले देण्याविषयीचा निर्णय काढला. ज्या यूसुफ खानला चित्रपटात येताना आपले नाव बाजूला ठेवावे लागले, त्याने उतारवयात आमच्या गरीब जमातींना त्यांचे खरे नाव परत मिळावे म्हणून खस्ता खाल्ल्या, हे आमच्या मुलांना आम्ही सांगायला हवे.

आणि आम्ही काय केले? दाखल्यावरचे तेच नाव पुसून टाकले. जातीचा दाखला काढायला गेले की 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. आजोबा 'अत्तार', बाप 'मुस्लिम', मुलगा 'शेख' अशी तीन पिढ्यांची तीन नावे घेऊन पडताळणी समितीसमोर उभे राहिले तर कोणता अधिकारी विश्वास ठेवील? मग बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी धावाधाव सुरू होते, वकिलाकडे शपथपत्रे, मामलेदार कचेरीत खेपा, आणि तोवर मुदत संपलेली असते. 2014 साली मुसलमानांतील मागास घटकांसाठी 5 टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला होता. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो राहू दिला तरी डिसेंबरात तो रद्दबातल झाला. ती खिडकी बंद झाली. ओबीसीचा दरवाजा उघडा आहे, आणि त्याला आतून कडी घालणारे आम्हीच आहोत.

यावर आमचे काही धार्मिक बांधव म्हणतील, इस्लाममध्ये जातपात नाही, मग शाळेच्या रजिस्टरात जमात कशाला लिहायची? त्यांना आम्ही अदबीने विचारतो: जातपात नाही हे जर खरे, तर पिंजाऱ्याचे शेख होण्याची गरज का पडते? समानता असेल तर पिंजारी म्हणूनच मान मिळाला पाहिजे. आणि लग्नाचा पैगाम आला की पहिला प्रश्न 'बिरादरी कोणती?' हाच का असतो? मस्जिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहतो, हे आमच्या दीनचे मोठेपण आहे, त्यात वाद नाही. मस्जिदीबाहेर पडल्यावर काय होते, तेवढ्यापुरताच आमचा सवाल आहे. मागासलेपण मोजायला नाव लागते. जखमेला नाव दिले नाही म्हणून जखम भरून येत नाही.

दुसरा एक आक्षेप शिकलेल्या तरुणांकडून येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. ते म्हणतात, सर, तुम्ही रजिस्टरात काहीही लिहा. घर भाड्याने घ्यायला गेलो की आडनाव ऐकूनच नकार मिळतो. अशा वेळी नाव झाकले, बदलले, नुसते आद्याक्षरांवर भागवले तर तुम्ही आम्हाला दोष का देता? आम्ही त्यांना दोष देत नाही. पोटापाण्यासाठी कोणी नाव झाकत असेल तर दोष झाकायला लावणाऱ्याचा आहे. पण एवढे सांगतो की, झाकल्याने सुटका होत नाही. फिरोज गांधींचे उदाहरण समोर आहे. जन्माने पारशी, आडनाव खुद्द महात्म्याचे, लग्न वैदिक पद्धतीने, अंत्यसंस्कार दिल्लीच्या निगमबोध घाटावर. एवढे सारे असूनही ज्यांना त्यांना मुसलमान करायचे होते त्यांनी केलेच. ज्याला तुमच्यात मुसलमान शोधायचा आहे तो तुमच्या आडनावापाशी थांबत नाही. मग आपण आपले आजोबांचे नाव कोणासाठी पुसायचे?

तेव्हा आमचे म्हणणे दोन्हीकडे सारखेच आहे. आमच्या पुरोगामी हिंदू मित्रांना विनंती की, यापुढे कोणी फिरोज खानची कहाणी घेऊन आला तर ती खोटी आहे हे जरूर सांगा, पण तेथे थांबू नका. पुढचे वाक्यही म्हणा: 'आणि खरी असती तरी काय झाले असते?' ते वाक्य तुमच्या तोंडून यायला हवे. आम्ही म्हटले तर त्याला वकिली म्हणतात. ज्या पक्षांना आमची मते हवी आहेत त्यांच्या नेत्यांनाही आमचा हाच निकष राहील. इफ्तारच्या टोप्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. हे एक वाक्य ऐकायचे बाकी आहे.

आणि आमच्या समाजातल्या पालकांना विनंती की, येत्या जूनमध्ये मुलाचे नाव घालायला शाळेत याल तेव्हा आजोबांचा दाखला बरोबर आणा. त्यावर जे लिहिले आहे तेच मुलाच्या अर्जावर लिहा. अत्तार असाल तर अत्तार लिहा, पिंजारी असाल तर पिंजारी. आमच्या मुख्याध्यापकांनी आणि कारकुनांनीही कंटाळा करून सगळ्यांच्या रकान्यात एकच 'मुस्लिम' असा शिक्का मारू नये. एका रकान्यातल्या दोन अक्षरांनी पुढे पंधरा वर्षांनी एखाद्या मुलीला डॉक्टरकीची जागा मिळते किंवा हुकते, याचे भान आम्हा शिक्षकांना नसेल तर कोणाला असणार?

सुगंध विकणाऱ्याचे नाव लावून एक माणूस या देशाचा राष्ट्रपिता झाला. तोच धंदा करणाऱ्यांची लेकरे शाळेच्या दारात आपले नाव सांगताना खाली पाहतात, हे आता पुरे झाले.